चेअरमनसाहेबांची मेथी

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. माशाचा कल्ला उघडून दाखवायच्या आणि शेवटचा शब्द दोनदा म्हणायच्या, "ताजा हाय, ताजा!"

लॉकडाऊन लागला आणि त्यांना गेटच्या आत बंदी झाली. आमच्या गॅलऱ्या रस्त्यावरच उघडतात, म्हणून आम्ही दोरीला पिशव्या बांधून खाली सोडायला लागलो. मावशींचा मास्क कायम हनुवटीवर. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "तोंड बांधून भाव कसा करू, कसा करू?"

तिसऱ्या माळ्यावरचे चेअरमन शाकाहारी. जिन्यात मासळीचा वास येतो म्हणून नोटीस लावणारे तेच. एका सकाळी त्यांच्याही गॅलरीतून पिशवी खाली आली. वाळत घातलेल्या चादरीमागून दोरी सोडणारा हात तेवढा दिसत होता. कुणालाच काही काम नसल्यामुळे सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती.

मावशींनी वर चादरीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच मास्क नाकावर चढवला. दोन पापलेटं कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि ओरडल्या, "साहेब, तुमची मेथी हाय, मेथी!"

पिशवी डुलत वर निघाली. सोसायटीच्या झाडून सगळ्या मांजरी खाली जमल्या आणि माना वर करून बघत बसल्या.

मावशी त्यांच्यावरच खेकसल्या, "काय बगताव गो? कवा मेथी बगली नाय, मेथी?"