एक जूनची पोरं

आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडून बघा. अख्ख्या धनगरवाड्यातली पोरं एकाच दिवशी जन्मलीत, एक जूनला. पंधरा वर्षांची पानं उलटा, तारीख तीच, साल तेवढं वेगळं. सगळं अक्षर हंबीरराव साळोखे सरांचं. टपोरं, सरळ, कुठं खाडाखोड नाही. खोटं लिहिताना माणसाचा हात थरथरतो असं म्हणतात. त्यात काही अर्थ नाही.

सर कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेचे. फुटबॉलचा भयंकर नाद, आवाज असा की फळ्यापाशी बोलले तर खालच्या ओढ्यावर ऐकू जावं. नोकरी मात्र लागली राधानगरीच्या पलीकडं, एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून दोन तास जंगल चढून, आठवी ते दहावीच्या शाळेत. पोरं सगळी आसपासच्या वाड्यांवरच्या गवळी धनगरांची. बाकीचे शिक्षक वर्षभरात जळवांना आणि गव्यांना कंटाळून पळाले. सर सव्वीस वर्षं टिकले. मी कबनूरची, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली. मी टिकले कारण मला दुसरीकडं नोकरी मिळाली नाही. उगाच मोठेपणा कशाला सांगू?

शिकवायला माणूस अव्वल. टक्केवारी शिकवायची तर दुधाच्या फॅटवर, क्षेत्रफळ शिकवायचं तर म्हशींच्या गोठ्यावर. चुकलं की कारवीची काठी बसायची, तीही अव्वलच. पोरं त्यांना भ्यायची आणि त्यांच्या पायाला चिकटलेल्या जळवा काढायला पुन्हा तीच धावायची. ‘‘गुरजी, जळवास्नी तुमचंच रगत कसं गोड लागतंय?’’ असं तोंडावर विचारायची. सर शिव्या घालत हसायचे.

आता भागीची गोष्ट. भागीरथी जानू येडगे. पाच वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आठवीचा पट एकोणीस होता. वीस भरला नाही तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली की शाळेला कुलूप. आम्ही दोघं वाड्यावाड्यावर पोरं हुडकत फिरलो. जानूच्या खोपटापुढं एक पोरगी थोरल्या भावाचं फाटकं पुस्तक घडाघडा वाचत बसली होती. वस्तीशाळा बंद पडलेली, त्यामुळं तिचं नाव कुठल्याच हजेरीत नव्हतं. सरांचे डोळे चमकले.

‘‘वय काय हिचं?’’ त्यांनी विचारलं.

तिची आजी, चिमणाबाई, बोटांवर हिशेब करू लागली. ‘‘आमच्या काळुंद्री म्हशीचं दुसरं वेत झालं, त्या पावसाळ्यात ही झाली. आता काळुंद्रीचं नववं हाय.’’

त्या लोकांची ही पद्धतच. कुणाचा जन्म, कुणाचं मरण, सगळं म्हैस कितव्यांदा व्याली त्या वेतावर मोजायचं. एका वेताला दीड-पावणेदोन वर्षं धरली तर पोरगी बाराची होती. बाराची पोरगी आठवीत बसवता येत नव्हती. नाव कधीच दाखल नसलं की वयानुसार वर्ग मिळतो, म्हणून वयच वाढवायचं ठरलं.

‘‘आजी, म्हशीचा दाखला चालत न्हाय हितं,’’ सर हसून म्हणाले आणि तिला सरळ चौदाची करून टाकली. एक जून. पट वीस झाला. शाळा वाचली म्हणून त्या दिवशी मी चहात दोन चमचे साखर जास्त टाकली.

पोरगी हुशार निघाली. नववीत एक वर्ष गेलं, कारण पावसाळाभर तिला म्हशींमागं राहावं लागलं. सरांनी जानूला वाड्यावर जाऊन झापलं आणि तिला परत आणली. दहावीला बसली तेव्हा तिला नर्स व्हायचं होतं. राधानगरीच्या वसतिगृहात तिची सोय लावायला सर तीन वेळा खाली उतरून आले होते. स्वतःच्या पोरासाठी इतक्या चकरा त्यांनी मारल्या नसतील.

परीक्षा संपली आणि जानू गूळ घेऊन शाळेत आला. पोरीची सुपारी फुटली होती. नवरा घाटाखालचा, सत्तावीस वर्षांचा, गोव्यात हॉटेलात कामाला.

सर असे कडाडले की व्हरांड्यातली पोरं वर्गात पळाली. ‘‘जान्या, अठरा पुरी व्हायच्या आत अक्षता पडल्या तर तुला आत टाकीन! कायदा हाय! समजलं काय?’’

जानूनं हात जोडले. गुरुजींपुढं त्यानं कधी मान वर केली नव्हती. ‘‘तुमी म्हनशीला तसं, गुरजी. अठरा हूस्तवर हात लावत न्हाय. शब्द दिला.’’

तो गेल्यावर सर मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, ‘‘बघितलं का बाई? अजून दोन वर्षं निवांत.’’ मीही मान हलवली. काळुंद्रीच्या वेतांचा हिशेब तेव्हा आम्हा दोघांना अचूक आठवत होता. आपण रजिस्टरात काय लिहिलंय, ते मात्र दोघंही विसरलो होतो.

मे महिन्यात निकाल लागला. भागीला बासष्ट टक्के. जानू दाखला न्यायला आला तेव्हा मला वाटलं, अकरावीसाठीच नेतोय. मीच लिहिला, रजिस्टरातली तारीख डोळे झाकून उतरवली, सरांची सही घेतली आणि वर हातावर पेढा ठेवला. जानूनं दाखला कपाळाला लावला. खाली उतरून त्यानं तो कुणाकडनं तरी वाचून घेतला असणार.

चार जूनला सकाळी वाड्यावरनं निरोप आला. आज भागीचं लगीन.

सरांनी फोन लावले. ग्रामसेवक आणि एक हवालदार दुपारपर्यंत धापा टाकत वर आले. आम्ही चौघं वाड्यावर पोचलो तेव्हा मांडवात हळद चालली होती. भागीनं सरांना बघितलं आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं की मला आजही ते विसरायचंय.

ग्रामसेवकानं वयाचा पुरावा मागितला. जानूनं पटक्याच्या पदरातनं घडी काढली, आमचा दाखला. ग्रामसेवकानं वाचला, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, ‘‘परवाच्या एक तारखेला अठरा पुरी झाल्यात की. कशाला बोलावलंसा आमाला?’’

जानू सरांच्या पाया पडला. ‘‘गुरजी, तुमचा शब्द मोडला न्हाय. घाटाखालचं पावणं मार्चातच मागं लागलंतं. मी म्हनलं, गुरजी म्हनत्यात अठरा, म्हंजी अठरा.’’

त्याच्या आवाजात कसलाही कावा नव्हता. तेच तर वाईट.

चिमणाबाई पुढं आली. ‘‘कशी अठरा? काळुंद्रीचं नववं वेत झालं तवा ही साळंत गेली. त्येच्या मागनं तिच्या रेडीची दोनच झाल्यात. मोजा की सायेब!’’

मांडव हसला. हवालदार हसला. ग्रामसेवक म्हणाला, ‘‘आजी, म्हशीला काय सही येती व्हय?’’ आणि मग सरांकडं वळला. ‘‘सर, नोंद तुमची. खोटी आसंल तर आत्ता लिवून द्या, लगीन थांबवतो. पण मग अख्खं रजिस्टर तपासाय लागंल.’’

अख्खं रजिस्टर. पंधरा वर्षांचे एक जून. सरांची निवृत्ती दोन वर्षांवर. माझी नोकरी. शाळेतली पन्नासेक पोरं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

भागी हळदीच्या हातानं पुढं आली. ‘‘गुरजी, सांगा की. तुमास्नी ठावं हाय की.’’

शिवाजी पेठेचा तो आवाज, जो ओढ्यापर्यंत ऐकू जायचा, मला हातभरावरून ऐकू आला नाही. ग्रामसेवकाला पुन्हा विचारावं लागलं. ‘‘नोंद बरोबर हाय,’’ सर म्हणाले. भागीनं माझ्याकडं बघितलं. मी मांडवाच्या खांबाकडं बघितलं. मला माझी लाज वाटते. ती मी इथं सांगतेय, पण तिथं नाही सांगितली.

अक्षता पडल्या. जानूनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सरांना पहिल्या पंगतीत मानानं बसवलं.

त्यानंतरच्या वर्षभरात सरांनी काठी टाकली. शिकवणंही टाकल्यासारखंच. फळ्यावर लिहायचे आणि पोरांकडं पाठ करूनच उभे राहायचे. पायाला जळवा लागल्या तर काढूही द्यायचे नाहीत. भागीचं गुणपत्रक लग्नानंतर आलं, ते अजून शाळेच्या कपाटात आहे. न्यायला कुणी आलं नाही.

या जूनमध्ये आठवीचा पट पुन्हा एकोणीस झाला. यंदा आम्ही पोरं हुडकायला गेलो नाही. चिमणाबाई स्वतःच चालत आली, भागीच्या धाकट्या बहिणीला घेऊन. पोरगी अकराची दिसत होती. मी रजिस्टर उघडलं. सरांनी टोपण काढलं आणि विचारलं, ‘‘आजी, काळुंद्रीच्या रेडीचं कितवं वेत?’’

‘‘त्यो हिशोब ऱ्हाऊ द्या गुरजी,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘कागदावरचंच खरं असतंय, आता कळलं मला. म्हनून सोता आलो. हिची लांबची तारीख लिवा. हिला अठरा लई उशिरा हुतील, अशी लिवा. तवर तरी आमच्यापाशी ऱ्हाईल.’’

सरांनी पेन माझ्यापुढं ठेवलं आणि बाहेर निघून गेले. मी पटाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. अकराची पोरगी आठवीत बसत नाही. मी लिहिलं, एक जून, आणि साल असं की ती चौदाची व्हावी.

चिमणाबाई रजिस्टरावर वाकून त्या आकड्यांकडं बघत होती. तिला वाचता येत नाही.

‘‘लांबची लिवलीसा न्हवं, बाई?’’

‘‘व्हय आजी,’’ मी म्हणाले. ‘‘लांबचीच लिहिली.’’