आठव्या मंगलाष्टकाची तिसरी ओळ

डिसेंबरातला पहिला शनिवार, दुपारचा चहा. उपस्थित: माझी थोरली बहीण, तिची मुलगी अनघा म्हणजे नवरी, मी, आणि आमच्या ह्यांचे काका. अनुपस्थित: काकू. "ह्यांचं काव्य सुरू झालं की मला घरात पुष्कळ कामं दिसायला लागतात," असा त्यांचा निरोप होता. विषय एकच: मंगलाष्टकं कोणी लिहायची. लग्नाची बाकीची कामं मी यादीत घालून केव्हाच वाटून टाकली होती. हे एक अडलं होतं, कारण अनघाला ती काकांकडूनच हवी होती आणि तिच्या आईला ती कोणाकडूनही चालणार होती, फक्त काकांकडून नको होती.

ताईचं चुकत नव्हतं. कवीच्या उपमेला पुरावा मागणारा माणूस अख्ख्या कोकणात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला चुलत सासरा म्हणून आला आहे. काकांची सगळी नोकरी मिरकरवाडा बंदरातल्या एका बर्फाच्या कारखान्यात गेली. दिवसभर लाद्या मोजायच्या, ट्रॉलरवाल्यांशी हुज्जत घालायची आणि उरलेल्या वेळात पुस्तकं वाचायची. वाचताना हातात दोन पेन्सिली, एक निळी, एक तांबडी. लिहिलंय तसंच्या तसं खरं असेल तिथे निळी रेघ. लेखकाला काहीतरी वेगळंच सुचवायचं असेल तिथे तांबडी. वाचनालयाच्या बाईंनी एकदा त्यांना खोडरबर देऊन दिवसभर कोपऱ्यात बसवलं होतं. काकांनी निमूटपणे सगळ्या रेघा खोडल्या आणि जाताना म्हणाले, "बाई, नायिकेच्या नाकाखालची रेघ राहू द्या. तिथे माझा अजून निर्णय झालेला नाही."

निर्णय करण्याची त्यांची पद्धत म्हणजे प्रयोग. कुठल्याशा कादंबरीत चाफेकळीसारखं नाक वाचलं, तेव्हा त्यांनी परसातून एक कळी आणून काकूंच्या नाकाशेजारी धरली. काकू चुलीपाशी होत्या. "तुम्ही कळ्या लावत बसा, तिकडे आमटी उतू गेली," असं त्या ओरडल्या, पण काकांनी दुसऱ्या बाजूनेही बघून घेतलं. नातवंडांना दुर्बिणीतून चंद्र दाखवला आणि त्यावरचे खड्डे मोजायला लावले, पुढे शाळेत 'चंद्रासारखा मुखडा' आला तेव्हा धाकट्या नातीने बाईंना विचारलं, "म्हणजे तिला देवी आल्या होत्या का?" सगळ्यात गाजली ती मीनाक्षी. मासोळीसारखे डोळे म्हणजे नेमक्या कोणत्या मासोळीसारखे, हे ठरवायला काका मिरकरवाड्याच्या सकाळच्या लिलावाला गेले आणि बांगडा, राणी मासा, बोंबील असे एकेक उचलून त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभे राहिले. शेवटी एक कोळीण वैतागून म्हणाली, "ओ काका, मासे घ्यायला आलाव का सून बघायला?" काका म्हणाले, "सूनच. पण ह्यातली एकही पसंत नाही." ती म्हणाली, "मग ठेवा खाली, त्यांना पण तुम्ही पसंत नाय."

हे सगळं ऐकून काका नुसते गमतीदार वाटतील. तसे ते आहेतच. पण त्या दोन पेन्सिलींमागे एक तक्रार होती आणि ती ते ऐकेल त्याला सांगत. "सूनबाई, मला एवढंच सांग. नायिका गोरी असली की तुमचे प्राध्यापक म्हणतात, गोरी म्हणजे निर्मळ, तांबडी रेघ मारा. कारस्थानी माणूस काळा असला की म्हणतात, काळा म्हणजे मनाने काळा, तांबडी मारा. मारली. पण त्याच पुस्तकात भांडी घासणारी बाई काळी असते, ती कशाने काळी? तिच्या मनाचा तर कोणी पत्ताच लावलेला नसतो. ती नुसतीच काळी. तिथे निळी! गोऱ्याला अर्थ आणि काळ्याला नुसता रंग, हा कुठला हिशोब?" परदेशी कादंबऱ्यांचे अनुवाद वाचले की ते आणखी तापत. "तिथे गोरा माणूस दारातून आत आला की त्याचं नाव सांगतात, टोपी सांगतात, घोड्याची जातसुद्धा सांगतात. काळा माणूस आला की आधी रंग. नाव आलंच तर पुढच्या पानावर." आणि मग ठरलेला समारोप: "मी जन्मभर बर्फ विकलाय. पांढऱ्याचं कौतुक मला सांगू नका. पांढऱ्यात गारठा असतो, बाकी काही नसतं."

असा माणूस मंगलाष्टकं लिहितो म्हटल्यावर काय होणार? वृत्त एकदम शुद्ध, मजकूर त्याहून शुद्ध. पुतण्याच्या लग्नात भर मांडवात त्यांनी नवऱ्या मुलाबद्दल म्हटलं होतं, "आहे हा वर सज्जन प्रकृतिने, खर्चास थोडा भितो." मुलीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्याकडच्यांनी अक्षता जरा जोरात मारल्या. तेव्हापासून काकांचा मजकूर छापखान्यात जाण्याआधी माझ्याकडून जातो.

तर अनघाला असे काका का हवे होते? अनघा काळी आहे. तिच्या आईच्या तोंडी 'सावळी', आईनेच भरलेल्या स्थळाच्या माहितीपत्रात 'निमगोरी', मावश्या-आत्यांच्या तोंडी 'रंगाने जरा डावी, पण नाकीडोळी नीटस'. साय, हळद, डाळीचं पीठ, सगळं करून झालं; ती आहे तशी राहिली, सिव्हिल इंजिनियर झाली, उन्हात साइटवर उभी राहायला लागली आणि स्वतःच मुलगा पसंत करून आली. साखरपुड्याला मुलाच्या आत्याबाईंनी हौसेने एक पद म्हटलं. त्यात 'गौरांगी' होती, 'शशिवदना' होती. मागच्या रांगेतून कोणीतरी "नवरी बदलली काय?" म्हणालं आणि अख्खी रांग हसली. अनघाही हसली. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर भांडी लावताना मात्र म्हणाली, "मावशी, शिवी असती तर उत्तर दिलं असतं. कौतुकाला काय उत्तर देणार? माझी मान खालीच गेली. लग्नात अंतरपाटाच्या मागे मला मान खाली घालून उभं राहायचं नाहीये."

म्हणून ती शनिवारची बैठक. ताई म्हणाली, "काका, रंगाचा विषयच नको. बाकी वाटेल ते लिहा."

"नाही हां आजोबा," अनघा म्हणाली. "रंग गाळला की का गाळला ते सगळ्यांना कळतं. रंग लिहायचा. पण सजवायचा नाही, आणि माझी समजूतही काढायची नाही."

काकांनी तिला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला, मिरकरवाड्यात मासे फिरवले होते तितक्याच निष्ठेने. ताईने डोळे मिटून घेतले. काका म्हणाले, "एकच ओळ लागेल. संध्याकाळपर्यंत देतो."

ती संध्याकाळ काही आली नाही. सात मंगलाष्टकं भराभर झाली. आठव्याच्या दोन ओळी झाल्या, शेवटची चौथी झाली, तिसरी होईना. मी फोन केला की काका नवीन उपमा सांगत आणि स्वतःच मोडीत काढत. मेघ? "मेघ पावसाळ्यात बरे, मांडवात लोक छत्र्या शोधतील." काजळ? "ते पुसून टाकायचं असतं." जांभूळ? ते अनघानेच बाद केलं: "आजोबा, मी खायची वस्तू नाही." कृष्ण? "देवाचा रंग चालतो, सूनबाई, कारण देवाला कोणी चहापोहे घेऊन दाखवायला आणत नाही. ही समजूत काढणंच झालं." मग नुसतं 'काळी' लिहून बघितलं. निळ्या पेन्सिलीची ओळ. तीही खोडली. "एवढा एकच शब्द उघडा उभा राहिला की मांडवातल्या प्रत्येकाला त्याच्या आजीने शिकवलेलं सगळं आठवणार. शब्द माझा, अर्थ त्यांचा." काकूंचा फोन आला: "जेवायला बसतात नि आमटीकडे बघत बसतात. तुमच्या त्या ओळीला म्हणावं, लवकर ये."

छापखान्याची मुदत आली तेव्हा मी तिसऱ्या ओळीच्या जागी टिंबं टाकून मजकूर पाठवून दिला. छापखानेवाल्याने विचारलं, "वहिनी, हे काय?" मी म्हटलं, "येईल ऐनवेळी." असं वाक्य मी आयुष्यात कोणाच्याही बाबतीत बोललेली नाही.

लग्नाच्या दिवशी काका नवं धोतर नेसून माइकपाशी उभे राहिले. अंतरपाट धरला होता, मांडवभर हातात अक्षता आणि टिंबांचे कागद. सात कडवी झाली. आठवं सुरू झालं:

"येते ही अनघा घरात तुमच्या, हासून बोला तरी;
ती बोलेल खरे, कधी न लपवी, रागावली ती जरी;"

आणि काका थांबले. तोंड उघडं, हात वर, आवाज नाही. मांडव शांत झाला. लोकांनी कागदात बघितलं, टिंबं दिसली, मग सगळ्यांच्या माना एकदम नवरीकडे वळल्या. ती मान वर करून, सरळ काकांकडे बघत, आपली ओळ ऐकायला उभी होती. हिरवा शालू, हातात हार, आणि उजेडात तिचा तो आहे तसा चेहरा. एवढी मोठी शांतता वाजंत्रीवाल्यांना सोसेना. त्यांना वाटलं, झालं लग्न. सनई सुरू झाली, डाव्या बाजूने अक्षतांचा पाऊस पडला, अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी एकाने आपलं टोक सोडलं आणि नवरानवरी मुहूर्ताआधीच समोरासमोर येऊन फसकन हसली. "अहो थांबा! धरा तो! अजून अवकाश आहे!" भटजी ओरडत होते. अंतरपाट पुन्हा वर गेला, वाजंत्री कशीबशी थांबली, आणि काकांनी घोगऱ्या आवाजात चौथी ओळ म्हणून टाकली: "दोघांचे घर हे सुखात वसु दे, कुर्यात् सदा मंगलम्."

जेवणाच्या पंगतीत मुलाच्या आत्याबाई डोळे पुसत आल्या. "काय सुचलं हो तुम्हाला! बरोबर वर्णनाच्या जागी थांबलात. रूप शब्दांत मावत नाही, हेच ना?"

"नाही," काका म्हणाले. "ओळ झाली नव्हती."

"किती तो विनय!"

"अहो विनय कसला? ओळ नव्हती, म्हणून थांबलो. एवढाच सरळ अर्थ आहे, तुम्ही त्यावर तांबडी रेघ कशाला मारताय?" पण ऐकतो कोण? संध्याकाळपर्यंत निम्म्या रत्नागिरीने काकांच्या त्या थांबण्यातून काही ना काही खोल अर्थ काढला होता. काका घरी जाऊन पडून राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या उपमा पकडल्या, आणि आता त्यांच्या रिकाम्या जागेचीच लोकांनी उपमा करून टाकली.

लग्नानंतर अनघाने पुण्याहून फोन केला तेव्हा मी काकांकडेच होते. "आजोबा, माझं काम झालं. मी मान वर करूनच उभी होते."

"ती माझी वाट बघत होतीस म्हणून. मी तुला ओळ कबूल केली होती."

"मग आता लिहा. व्हिडिओ लावते, बघा मला."

काकांनी पडद्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "हा फोन तिला गोरी करतो. ह्याच्यावर बघून मी लिहिणार नाही."

मी अनघाला तिचा फोन तपासायला लावला. फोनचा दोष होताच, चेहरे गुळगुळीत करायची काहीतरी सोय त्यात आपोआप चालू होती; ती तिने बंद केली. तरी काका म्हणाले, "अजून तशीच दिसते." तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परत येताना रिक्षात ते हसून म्हणाले, "तरीच हल्ली मला सगळे गव्हाळ दिसायला लागलेत. वधूवर सूचक मंडळाला इतकी वर्षं जे साधलं नाही ते माझ्या डोळ्यांनी करून दाखवलं." मीही हसले. पुढच्या वळणावर त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी खिडकीपाशी मी तिला नीट बघितलं असेल ना गो?"

"बघितलंत," म्हटलं.

लग्नाच्या यादीतल्या सगळ्या कामांवर काट मारून झाली आहे. आचारी, मांडव, पाहुण्यांच्या परतीच्या गाड्या, उसनी आणलेली पातेली, सगळं जिथल्या तिथे गेलं. काकांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं पुढच्या महिन्यात. अनघा मे महिन्यात आंब्याला येणार आहे. तेव्हा तिला सकाळच्या उजेडात पडवीत बसवायचं ठरलंय. मी तिथे नसायचं, मी घाई करते, अशी काकांची अट आहे. काल डबा द्यायला गेले तर ते एका डोळ्यावर हात ठेवून टिंबांचा कागद वाचत होते. दोन्ही पेन्सिलींना नवीन टोक केलेलं होतं.

"झालं का काका?"

"नाही, सूनबाई. तिसरी ओळ अजून राहिली आहे."