शेळीपुढं वेलदोडा चालला नाही

तेव्हा माझा मुक्काम शहागंजात, एका बंद दुकानाच्या पायरीवर होता. घर फुलंब्रीला, पण माझ्या दारूपायी बायकोनं दार लावून घेतलं होतं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. बेघरांच्या निवाऱ्यात मी गेलो तो सुधारायला नाही, गरम वरण-भातासाठी. निवारा चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांनी विचारलं, "काय काम येतं तुम्हाला?"

"लहानपणी शेरडं राखली. बाकी काय नाय."

झालं! मागच्या अंगणात एक शेळी होती. देवगाव रंगारीचा एक जण इथं राहून दारूतून सुटला, त्यानं ती प्रेमानं आणून बांधलेली. पण ती कुणालाच धार काढू देईना. मी शेजारी बसलो, पाठीवर हात फिरवला, चुचकारलं, आणि भांडं फेसानं भरलं. तेव्हापासून सगळ्यांचा चहा माझ्या हातात. मी जरा ऐटीतच वागू लागलो.

मग एका दुपारी सटकलो आणि घसा ओला करून आलो. वास लपवायला आधी पेरूचा पाला चावला, वरून वेलदोडा. ताईंसमोरून ताठ चालत गेलो. त्यांना पत्ता लागला नाही. शेळीनं मात्र वळून पाहिलं, नाक फेंदारलं आणि अशी लाथ घातली की भांडं एकीकडं अन् मी लेंड्यांत!

संध्याकाळी सगळ्यांना काळा चहा. एक म्हातारा रिक्षावाला कप हलवत म्हणाला, "क्या मियाँ, बकरी को भी पिला दी क्या?" सगळे खो खो हसले.

ताई हसल्या नाहीत. मी हात जोडले, तशा म्हणाल्या, "माझी माफी नको. उद्या तिची मागा."

माणसांची माफी मागण्यात माझा हातखंडा होता. शेळीपुढं शब्द सुचेना. कसाबसा बोललो, तेवढ्यात तिनं माझ्या सदऱ्याचं बटण खाल्लं.

पुढं आणखी एकदा घसरलो. त्या वेळी वेलदोडा शोधला नाही. सरळ ताईंना सांगितलं, "आज धार दुसऱ्या कुणाला काढू द्या."

"दुसऱ्या कुणाला ती देते व्हय?" ताई म्हणाल्या, आणि त्यांनीच आधी काळ्या चहाचा कप उचलला. ते मला लाथेपेक्षा जास्त लागलं. त्यानंतर मी प्यालो नाही.

वर्षभरानं बायको आली. अंगणात उभी राहून मी धार काढताना बघू लागली.

"हात थरथरत नाय आता," एवढंच बोलली.

त्या दिवशी तिनं मला नेलं नाही. दिवाळीच्या आधी नेलं, आणि एसटीत खिडकीची जागा स्वतः पटकावली.