आधी काटा, मग चहा

आमच्या भावोजींनी जितकी माणसं वजनकाट्यावर चढवली, तितकी पोती रेशनच्या दुकानातही चढली नसतील. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणिकपूरला त्यांचा फ्लॅट. दार उघडलं की सोफा, टीव्ही, देव यांतलं काहीही दिसायच्या आधी दिसायचा तो निळा वजनकाटा. चपला काढायच्या, पर्स स्टुलावर ठेवायची, काट्यावर उभं राहायचं. भावोजी वाकून आकडा बघणार, "हं" म्हणणार, आणि मगच ताई आतून चहा आणणार. माझ्या केळवणाला त्यांनी मला जेवणाआधी तोललं आणि जेवणानंतर पुन्हा तोललं. "श्रीखंड बरंच गेलंय," असं त्यांनी माझ्या होणाऱ्या सासूबाईंसमोर जाहीर केलं. लग्न मोडलं नाही याचं श्रेय सासूबाईंच्या सोशिक स्वभावाला. होळी बाजारातून दारावर भाजी घेऊन येणारी ख्रिस्ती मावशीही सुटली नव्हती. "अवो सायेब, भाजी तोला ना, मला कशाला तोलता?" असं म्हणत ती चढायची, आणि उतरताना आपलं वजन वाढलंय की कमी झालंय हे मात्र आवर्जून विचारून घ्यायची.

यात त्यांचा चावटपणा नव्हता, पोटापाण्याचा धंदाच तो होता. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत ते कर्करोगावरच्या औषधांची उंदरांवर परीक्षा घेत. ही औषधं गाठीला मारतात आणि मारता मारता बाकीच्या शरीरालाही धरून बडवतात. तेव्हा औषध किती दिलं तर गाठ जाईल आणि जीव राहील, हे आधी पांढऱ्या उंदरांकडून जाणून घ्यायचं. भावोजी रोज सकाळी एकेका उंदराला उचलून नाजूक काट्यावर ठेवत. औषध जड जायला लागलं की बाकी काही दिसायच्या आत वजन उतरू लागतं. "माणूस कण्हतो, उंदीर कण्हत नाही. त्याच्या वतीने काटा बोलतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. आमच्या घरातल्या प्रत्येक बारशाला आणि मुंजीला ते एकदा तरी ऐकू यायचं.

प्रयोगशाळेतली शिस्त त्यांनी घरी आणली होती, नव्हे, घरालाच प्रयोगशाळेत नेऊन ठेवलं होतं. कुणाच्याही बाळाला घेण्याआधी ते दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचे, कारण गार हात लागला की उंदीर बिथरतो आणि त्या दिवशी नीट खात नाही. घरात अत्तर, सेंट, उदबत्ती सगळ्याला बंदी, कारण कपड्यांना वास राहिला तर उंदीर बिथरतो. ताई म्हणायची, "लग्नाआधी मला वाटलं होतं, सासू असेल कडक. सासू बिचारी गाय होती. सासुरवास केला तो उंदरांनी." रिक्षात बसतानाही भावोजी जाड माणूस मध्ये आणि बारीक दोघं कडेला, अशी जागा लावून द्यायचे. एकदा त्याला कंटाळून स्टँडवरचा रिक्षावाला म्हणाला, "अंकल, तीन सीट है, तराजू नहीं." भावोजींना राग आला नाही. ते त्याला हा तोल कसा बरोबर आहे हे नवघरपर्यंत समजावत गेले.

सगळ्यात गाजलं ते काढ्याचं प्रकरण. माझ्या दोन्ही मुलांना एकदमच खोकला झाला. आमच्या आईने अडुळशाचा काढा करून पाठवला. पोहोचवायला आले भावोजी. त्यांनी मुलीला काढा दिला आणि मुलाला त्याच रंगाचं गुळाचं पाणी. एक जीव बिनऔषधाचा ठेवल्याशिवाय औषधाचा गुण कळणार कसा? दोघंही एकाच दिवशी खडखडीत बरी झाली. मला आनंद झाला, पण भावोजी खिन्न. "म्हणजे काढ्यात काही दम नाही," असं त्यांनी आईला तोंडावर सांगितलं. तिच्या आजीपासून चालत आलेला काढा! आई पुढचे कितीतरी दिवस जावयाशी फक्त ताईच्या मार्फत बोलत होती.

आणि अशा या माणसाच्या घरात, ताईच्याच छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं आणि मग औषधं सुरू झाली. त्यातलं एक तर भावोजींनी वर्षानुवर्षं उंदरांना दिलेलं. आम्ही नातेवाईक नावं ऐकून घाबरलो होतो, ते नावं माहीत असल्यामुळे घाबरले होते. ताईचं अन्नावरून मन उडालं. फोडणीचा वास आला तरी ती तोंड फिरवायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, आणि सारखा लांबवणं बरं नाही. एकदा तो लांबलाही. त्या आठवड्यात भावोजी जवळजवळ जेवलेच नाहीत.

मग त्यांनी उंदरांचं शास्त्र कामाला लावलं. अशक्त उंदराला पिंजऱ्याच्या वरच्या जाळीपर्यंत चढून खाणं खाता येत नाही, म्हणून त्याचं खाणं भिजवून खाली, तोंडाशी ठेवतात. भावोजींनी घरभर वाट्या मांडल्या. खिडकीत गार दहीभात, टीपॉयवर सुकेळीचे, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचे तुकडे, पलंगाशी नाचणीची पेज. ताईने उठायचं नाही, मागायचं नाही, हात जाईल तिथं घास हवा. होळीची मावशी टोपलीतली सगळ्यात पिकलेली केळी काढून द्यायची आणि म्हणायची, "बाय, खा गं. तुज्यासाठी रोज देवळात मेनबत्ती लावते मी." वास नको म्हणून भावोजी स्वतः मात्र जिन्यात बसून जेवायचे. तिथे मी त्यांना ताट घेऊन बसलेलं पाहिलं आहे.

रोज सकाळी चहाआधी ताईचं वजन व्हायचं. आणि एक दिवस चमत्कार झाला. आठवडाभर पेजेवर असलेल्या ताईचं वजन चक्क वाढलं. मी टाळ्या वाजवल्या. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी काटा तपासला, साखरेच्या पिशव्या ठेवून तपासला, स्वतः चढून तपासला. काटा बरोबर होता. मग ते ताईचे घोटे दाबून बघू लागले. खाणं नाही आणि वजन वाढतंय, म्हणजे अंगात पाणी साचतंय, असं ते माझ्या कानाशी पुटपुटले. "रिक्षा बोलव. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जाऊ."

"अहो, थांबा," ताई म्हणाली. तिने कमरेला हात घातला, साडीच्या आतून खलबत्त्यातला पितळी बत्ता काढला आणि भावोजींच्या हातात दिला.

मला हसू आवरेना. भावोजी बत्ता घेऊन काट्यावरच मटकन बसले. "अगं, वजन बघून औषध ठरतं. हॉस्पिटलात हा घेऊन उभी राहिली असतीस तर? जास्त गेलं असतं ना तुला!" आणि मग अगदी रडवेले होऊन, "उंदीर कधी असं करत नाहीत गं."

"त्यांना खलबत्ता मिळत नाही म्हणून," ताई म्हणाली. "रोज सकाळी त्या आकड्याकडे बघताना तुमचं तोंड कसं होतं ते मी बघते. मला नाही बघवत. मला औषध सोसेल, ते नाही सोसत."

त्या दिवसापासून घरचं वजन बंद झालं. हॉस्पिटलात होईल तेवढंच. ताई काट्यावर चढली की भावोजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहायचे. आकडा मी ऐकायची. तो हळूहळू थांबला, रेंगाळला, आणि मग चढायला लागला. ताई औषधांतून पार झाली. आता तिचे केस पांढरे आहेत आणि जिना चढताना ती धापा टाकते, तेही लठ्ठपणामुळे. भावोजी त्या लठ्ठपणाकडे कौतुकाने बघतात.

भावोजींनी जन्मात श्राद्धपक्ष केला नाही. पण औषधं संपली त्या वर्षी सर्वपित्रीला मी गेले तर दोघं गच्चीत. भावोजींनी केळीचं पान मांडलं होतं आणि त्यावर ते भिजवलेले गहू, हरभरे आणि दुधातला पाव चिमटीचिमटीने वाढत होते. हे कुणाचं पान, असं मी विचारलं.

"त्यांचं," ते म्हणाले. "जास्त किती होतं ते त्यांच्यावरून कळलं, म्हणून हिला बेताचं देता आलं. उंदरांच्या नावाने पान वाढणारं दुसरं कोण आहे?"

ताई त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात धरून हळूच म्हणाली, "आज तरी मोजून वाढू नका हो."

भावोजींनी अख्खं पातेलं पानावर उपडं केलं आणि आमच्यासमोर लहान मुलासारखे रडले.