लांब कणसाची लाल, लांब कणसाची काळी

जव्हारला घरी बसून मी एका बियाणे गटाचं आकडेवारीचं काम करते. मोखाड्याच्या पाड्यांवरून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, वाणांची नावं येत. लिहून घेणारे वेगवेगळे, त्यामुळे कुणी ‘कणसाची’ लिही, कुणी ‘कनसाची’. हिशेब मी आर या संगणकाच्या भाषेत करायचे. पण नावं जुळवायला तिथे फार वेळ लागे. म्हणून कॉलेजातल्या मित्राने सी भाषेत एक छोटा वेगवान प्रोग्राम लिहून दिला होता. आरने नाव द्यायचं, सीने ते नीट करून परत करायचं. मी खूश होते.

यादी घेऊन मी खोडाळ्याला गेले. गटाचं बियाणं सांभाळणाऱ्या मावशींना ती वाचून दाखवली. ‘लांब कणसाची’ म्हटल्यावर त्यांनी हात वर केला.

“कंची? लाल का काळी?”

“इथे एकच आहे, मावशी.”

“एक कशी? लाल आधी पिकते, काळी मागून. तुझ्या यादीवरून उद्या दोन्ही एका डब्यात जातील.”

डबे भरायला दोनच दिवस उरले होते.

घरी येताच मी आधी आरमध्ये पाहिलं. तिथे दोन्ही नावं पूर्ण होती. सीकडून परत येताना मात्र ‘लाल’ आणि ‘काळी’ गळत होते. मित्राला फोन केला. त्याने एका नावाला बत्तीस बाइटची जागा ठेवली होती. इंग्रजीत ती भरपूर. मराठीत मात्र प्रत्येक अक्षराला, कान्याला, अनुस्वारालाही तीन-तीन बाइट लागतात. ‘लांब कणसाची’ एवढ्यातच जागा भरून जाई. तुटकं अक्षर किंवा चौकोन दिसला असता तर मला शंका तरी आली असती. पण नाव शब्दाच्या शेवटीच तुटलं होतं. मित्र ओशाळला. मग हसत म्हणाला, “मी मराठीतूनच शिकलो, आणि मराठीलाच जागा ठेवली नाही.”

दोघांनी फोनवरच दुरुस्ती केली. आता सी आधी नावाची लांबी मोजतं, तेवढी जागा आरकडूनच मागून घेतं आणि हे युनिकोड आहे असं सांगून नाव परत देतं. यादी पाच वाणांनी वाढली. असे आणखीही वाण एकमेकांत मिसळले होते तर!

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन पुन्हा खोडाळ्याला गेले. मावशींनी सुनेला शेजारी बसवून सगळी यादी वाचून घेतली, मान डोलावली. तरी त्यांचा पुरता भरवसा बसला नव्हता. त्या म्हणाल्या, “आता हे घाल. माळावरच्या खाचरातली बुटकी मागास पांढरी.”

मी टाइप केलं. नाव अख्खं परत आलं. सुनेने ते मोठ्याने वाचलं, तशा मावशी खुदकन हसल्या.

“असली नागली नाय कुठं,” त्या म्हणाल्या. “तुझं यंत्र बघत होते.”


मग त्यांनी दोन डबे पुढे ओढले आणि चिठ्ठ्या लिहायला मला बसवलं.