अक्काचं फिजिक्स

फिजिक्स मी कॉलेजात कमी शिकलो आणि सावद्याला आमच्या घरामागच्या शेडमध्ये जास्त. शिकवणारी माझी मोठी बहीण होती, अक्का. बारावीला तिला फिजिक्समध्ये तालुक्यातल्या कुणाहीपेक्षा चांगले मार्क होते असं तिचे सर सांगायचे. ती स्वतः कधी बोलली नाही.

अकरावीत बलांची गणितं आली आणि मी पार गोंधळलो. उतारावरचा ठोकळा, दोरीला टांगलेलं वजन, कड्यावरून आडवा फेकलेला दगड. मी लगेच सूत्र शोधायला लागायचो. अक्का पेन काढून घ्यायची.

"आधी एकच वस्तू काढ. तिला कोण कोण ओढतंय, ढकलतंय, तेवढे बाण दाखव. मग प्रत्येक बाणाचं उभं वेगळं कर, आडवं वेगळं कर. सूत्र पळून नाही जात."

तरी एक गणित डोक्यात शिरेना. दोन दोऱ्यांच्या मध्ये वजन टांगलंय आणि दोऱ्या जितक्या पसरट, तितका ताण जास्त. मला ते पटतच नव्हतं. मग तिने सरांकडून दोन ताणकाटे मागून आणले, शेडच्या वाशाला लावले आणि मधे केळीची एक फणी बांधली. दोऱ्या जवळ होत्या तेव्हा दोन्ही काटे मिळून फणीचं वजन दाखवत होते. तिने एक काटा लांबच्या वाशाला नेला, मग आणखी लांब. फणी तीच, पण एकेक काटा तिच्या वजनाच्या पुढे गेला.

"दोरी आडवी होत चालली की तिचं वर ओढणं कमी पडतं," ती म्हणाली. "पण फणी तर धरायचीच आहे. म्हणून ताण वाढतो."

हे सगळं शिकवत होती तेव्हा तिची स्वतःची परीक्षा हुकून दोन-तीन महिनेच झाले होते.

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी तिला धुळ्याचं केंद्र आलं होतं. धुळ्यात आमची आत्या राहते. आई म्हणाली, आदल्या दिवशी जा, तिच्याकडे मुक्काम करा. पण वडिलांना, म्हणजे नानांना, बहिणीच्या सासरी मुक्कामाला जाणं नको वाटायचं.

"कायले त्याहीले त्रास द्यायचा?" नाना म्हणाले. "सकायची पहिली गाडी आहे न. टायमावर पोचू."

एरंडोलच्या पुढे एक ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. एसटी तिथेच अडकली. नाना खाली उतरून दोन्ही बाजूंना बघत राहिले. शेवटी एका मोटारसायकलवाल्याला विनवणी करून त्यांनी अक्काला त्याच्या मागे बसवलं, स्वतः मागून मिळेल त्या वाहनाने आले. ती पोचली तेव्हा गेट बंद झालं होतं. नाना पोचले तेव्हा ती गेटसमोरच्या कडुनिंबाखाली बसलेली होती. नानांनी चौकीदाराला हात जोडले. तो म्हणाला, "दादा, माझ्या हातात नाही."

पुढच्या वर्षी पुन्हा दे, असं घरात सगळेच म्हणाले. तिने बी.एस्सी.ला नाव घातलं. दिवाळीनंतर जळगावचं स्थळ आलं, उन्हाळ्यात लग्न झालं. बी.एस्सी. राहिलं आणि पुढच्या वर्षीची परीक्षाही राहिली. मुद्दाम कुणी अडवलं असं नाही. तिचं तसंच राहून गेलं.

माझ्या परीक्षेच्या वेळी ती माहेरी आली होती. मलाही धुळ्याचंच केंद्र होतं. नानांनी बस स्टँडजवळच्या लॉजमध्ये आधीच खोली सांगून ठेवली होती. अक्का माझी बॅग भरत होती. भरता भरता तिने विचारलं, "आदल्या दिवशीच जाताय ना?"

मी हो म्हणालो. नाना दारात उभे होते. ते वळून बाहेर गेले. मी पास झालो, इंजिनिअर झालो. आजही नाशिकला कामावर काही अडलं तर मी आधी एक वस्तू काढतो आणि बाण दाखवतो.

गेल्या वर्षी नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला झालं. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं, म्हणून स्वतःच्या बहिणीकडे एक रात्र न राहिलेले नाना जळगावातच मेहरूणला लेकीच्या घरी आठवडाभर राहिले. मी भेटायला गेलो होतो. काळा चष्मा लावून ते पलंगावर बसले होते. अक्का औषध घेऊन आली, तेव्हा मधेच म्हणाले, "बाई, त्या दिशी तुह्या आत्याकडे मुक्काम केला असता तं बरं झालं असतं."

इतक्या वर्षांत त्यांनी हा विषय पहिल्यांदा काढला होता.

"मान वर करा नाना," अक्का म्हणाली. "थेंब टाकायचे आहेत."

तिने थेंब टाकले, गालावर ओघळलेलं पुसलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. ती चहाचं आधण ठेवत होती.

"मला आदल्या दिवशीच जायचं होतं रे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "रस्त्याचं काय सांगता येतं, हे मला कळत होतं. पण मला कुणी विचारलंच नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तेव्हा नानांसमोर कोण बोलत होतं?"

तिने साखरेचा डबा उघडला, मग आठवून बंद केला. नानांना आता बिनसाखरेचा लागतो. बाहेरून त्यांनी तिला हाक मारली आणि ती "आले" म्हणत गेली.