तोट्या काढणारे रशीदचाचा

रशीदचाचांची तक्रार सरांकडे मीच केली होती.

काल दुपारी ते गेले. कालपासून हेच डोक्यात आहे, म्हणून आधी हेच लिहिलं.

सांगलीला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये चाचा पाइप जोडायचे. माझ्या प्रोजेक्टसाठी कवठे महांकाळकडच्या एका गावाची पाणीयोजना त्यांनी टेबलावर उभी करून दिली.

वर टाकी, बोटाएवढे पाइप आणि प्रत्येक घरासाठी एक छोटा नळ.

कॉम्प्युटर म्हणत होता, शेवटच्या घराला पाणी पुरतं. टेबलावरही पुरत होतं.

एका सकाळी येऊन बघते, तर शेवटचा नळ कोरडा. आणि एकाही नळाला तोटी नाही. चाचांनी सगळ्या काढून डब्यात ठेवलेल्या.

सबमिशन चार दिवसांवर. मी त्यांना न विचारता थेट सरांकडे गेले. सर त्यांना सगळ्यांसमोर बोलले.

चाचांनी ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "बाळ, त्या गावाला गेलीस का कवा?"

"नकाशा आहे ना, चाचा."

"नकाशात तोट्या दिसत्यात व्हय? तासभर पाणी येतं तिथं. तोटी कोण बसवतंय? माझी बहीण हाय शेवटच्या घरात. जा, बघून ये."

गेले. खरंच, नळ सगळे उघडे, पाणी आधीच्या घरांतच संपत होतं. शेवटच्या घरी चाचांची बहीण, हमीदाआपा, अर्ध्या घागरीपाशी बसलेल्या.

मी शाळेत जाण्याआधी वडिलांनी मला घरीच अक्षरं शिकवली. चूक खोडरबराने पुसू द्यायचे नाहीत, तिच्यावर रेघ मारायला लावायचे. तशी जुन्या रीडिंगवर रेघ मारली. तोट्यांशिवाय सगळी रीडिंग नव्याने घेतली.

चाचांची माफी मागितली. म्हणाले, "सोड गं. तो पाना दे इकडं."

प्रोजेक्टचं कौतुक झालं ते त्याच भागासाठी. पण रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'फील्ड व्हिजिटमध्ये आढळून आले.' चाचांचं नाव घातलं असतं, तर माझी तक्रार चुकीची होती हे सरांना सांगावं लागलं असतं.

आज चाचांच्या घरी गेले होते. हमीदाआपांनी मला ओळखलं. जवळ बसवून म्हणाल्या, "तुझं लय सांगायचा. म्हणायचा, पोरगी घाबरट हाय, पण खोटं लिहीत न्हाई."

मी म्हटलं, "लिहिलं, आपा." आणि सगळं सांगितलं.

आपा म्हणाल्या, "मग आता खरं लिही."

सरांना फोन करून खरं सांगितलं. आता इथे लिहिते. तोट्या काढायची कल्पना माझी नव्हती, रशीदचाचांची होती.

चाचा, शेवटचा सलाम.